टेकडी आणि अंगण : सरहद्दीवरील शिक्षिकेच्या आत्मकथनाचे वाचन

१

मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार आजवर प्रामुख्याने घर या केंद्राभोवती झाला आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) पासून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पर्यंत आणि बाया कर्वे यांच्या 'माझे पुराण' (१९४४) पर्यंतच्या लेखनाची चर्चा पती, संसार, सोवळेओवळे आणि सुधारणा या चौकटीत होत आली. पार्वतीबाई आठवले यांच्या 'माझी कहाणी' (१९२८) मध्ये आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडणारी स्त्री घराच्या कितीतरी पलीकडे गेलेली दिसते. तरीही तिचे वाचन झाले ते विधवेच्या उद्धाराची कहाणी म्हणूनच. म्हणजे स्त्री घराबाहेर पडली तरी समीक्षा घरातच थांबली.

या परंपरेच्या कडेला एक दुसरा प्रवाह आहे. शिकविण्यासाठी दूरच्या, अपरिचित प्रदेशात गेलेल्या स्त्रियांचे हे लेखन. अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' (१९८०) हे त्यातील महत्त्वाचे पुस्तक होय. या पुस्तकाचा गौरव कमी झाला असे नाही. पण तो गौरव व्यक्तीचा आणि कार्याचा होता, संहितेचा नव्हता. 'सेवाभावी कार्याचा प्रेरणादायी दस्तऐवज' अशी मोहोर एकदा उमटली की पुस्तक वंदनीय होते आणि वाचनाच्या कक्षेबाहेर जाते. वंदन आणि वाचन या दोन भिन्न क्रिया आहेत, याचा विसर मराठी समीक्षेला या बाबतीत पडला आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, बोर्डी-कोसबाडच्या शिक्षिकांचे खरे वाङ्मयीन कर्तृत्व त्यांनी घडविलेल्या शब्दांत आहे, आणि हे शब्द त्यांच्या कार्यावर लादल्या गेलेल्या सेवेच्या परिभाषेला आतून विरोध करतात. हा विरोध न ओळखल्यामुळे शिक्षिकेचे रूपांतर सेविकेत होणे सुकर झाले. त्याचे परिणाम वाङ्मयापुरते मर्यादित राहिलेले नाहीत.

२

प्रथम या प्रदेशाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. बोर्डी आणि कोसबाड ही डहाणू तालुक्यातील गावे. हा तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवसापासून तो पालघर जिल्ह्यात आहे. १९४५ मध्ये येथे महाराष्ट्र आणि गुजरात अशी राज्ये नव्हती. दोन्ही प्रदेश मुंबई प्रांतात होते. १९६० च्या विभाजनाने या भागावरून राज्याची सीमा गेली आणि शेजारच्या उंबरगाव तालुक्याचे दोन भाग झाले. परंतु कागदावर सीमारेषा उमटण्यापूर्वीही हा सरहद्दीचाच मुलूख होता. किनाऱ्याला मराठी आणि गुजराती, बागायतीत पारशी आणि इराणी मालक, आणि आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे, अशी येथील रचना. समुद्र आणि जंगल, बाजार आणि वेठ, लिपी आणि बोली यांच्या सीमा येथे एकमेकींना छेदत होत्या.

या मुलखात १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाई (१८९२-१९७३) तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासह केलेले काम, १९२६ पासूनचा नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ चे दादरचे शिशुविहार हे सारे त्यांच्या गाठीशी होते. त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांची वाट निराळी होती. तेराव्या वर्षी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य, मग व्हर्नाक्युलर फायनल, १९२९ मध्ये पुण्यातील अध्यापक प्रशिक्षण पूर्ण करून नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण शाळेत नोकरी, त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन आणि दिवसा शिकवून रात्रीच्या शाळेतून १९३७ मध्ये मॅट्रिक. पदवी त्यांनी मिळविली ती १९६१ मध्ये, पन्नाशीनंतर, कोसबाडला काम करीत असताना. शिकणे संपवून मग शिकविणे हा क्रम त्यांच्या आयुष्यात कधीच नव्हता. १९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी 'विकासवाडी' तेथे आकाराला आली.

विशीतील तरुण विधवेने नाशिक जिल्ह्यातील खेड्यात वर्ग घेणे आणि पस्तिशीतील अनुभवी शिक्षिकेने बोर्डीला जाणे यांत सोळा वर्षांचे अंतर आहे. चरित्रलेखनात पहिली घटना दुसरीची पूर्वतयारी ठरते. वस्तुतः ती स्वतंत्र आहे. १९२९ मध्ये नोकरी हा विधवेच्या स्वावलंबनाचा मार्ग होता. वेतन ही तेथे लाजेची गोष्ट नव्हती, मुक्तीचे साधन होती. पुढे १९४५ च्या निर्णयाभोवती गांधीयुगाचे त्यागाचे वलय आले आणि त्या वलयाच्या प्रकाशात आधीची पगारी शिक्षिका दिसेनाशी झाली. शिक्षिकेच्या आत्मकथनाचे वाचन करताना हे दोन प्रकाश वेगळे करणे अगत्याचे आहे.

३

आत्मकथनाचे शीर्षक हा लेखक आणि वाचक यांच्यातील पहिला करार असतो. वर उल्लेखिलेल्या शीर्षकांत 'आमच्या', 'माझी', 'माझे' ही सर्वनामे ठळक आहेत. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या शीर्षकात सर्वनाम नाही. स्थळ आहे आणि पंचमी आहे. सांगणारी व्यक्ती स्वतःची ओळख आपण कोण यावरून न देता आपण कोठे उभे आहोत यावरून देते. विधवेचे आयुष्य नात्यांच्या वजाबाकीने मोजणाऱ्या समाजात स्त्रीने आपले नाव एखाद्या टेकडीशी जोडणे ही लहान गोष्ट नव्हे. नात्याच्या जागी स्थान आले. आत्मकथनाच्या मराठी परंपरेत हा बदल नोंद घेण्याजोगा आहे.

परंतु 'वरून' या शब्दात एक द्वयर्थ आहे. टेकडीवरून पाहणे म्हणजे एका जागेहून पाहणे, तसेच उंचावरून पाहणेही. पाडा खाली, शाळा वर. अंधार खाली, दिवा वर, अशी प्रतिमांची उतरंड सेवेच्या वाङ्मयात इतकी रुळलेली आहे की वाचक ती आपसूक पुरवितो. पुस्तकाला प्रेरणादायी म्हणणारे वाचन याच उंचीवर विसावते. शिक्षिका दीपस्तंभ होते, मूल अज्ञानाचे प्रतीक होते, आणि दोघांमधील व्यवहार दान आणि ग्रहण यांचा ठरतो.

या शीर्षकाशेजारी दुसरे एक शीर्षक ठेवून पाहता येईल. गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याची भूमी हीच आहे, काळही हाच. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. माह्या धांगडा आणि इतर वारली तिला गेले. मे १९४५ मध्ये झरी येथील सभेत हजारो वारल्यांनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. बोर्डीहून झरी दूर नाही. एकाच वर्षी, थोड्याच मैलांच्या अंतरात, दोन स्त्रिया वारल्यांसमोर उभ्या होत्या: एकीसमोर मुले होती, दुसरीसमोर त्यांचे आईबाप. गोदावरीबाईंच्या शीर्षकातही 'मी' नाही. पण तेथे स्थळही नाही. तेथे 'माणूस' हा कर्ता आहे आणि 'जागा होतो' हे अकर्मक क्रियापद आहे. कोणी त्याला जागे करीत नाही. तो जागा होतो. व्याकरणाच्या पातळीवर निवेदिका स्वतःला क्रियेतून काढून घेते.

या दोन संहितांची तुलना नेहमी सुधारणा आणि क्रांती या जोडीने केली जाते आणि वाचक आपल्या राजकीय रुचीप्रमाणे एकीची निवड करतो. ही निवड घाईची आहे. सालकऱ्याच्या आणि लग्नगड्याच्या गुलामगिरीत असलेल्या बापाचे मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर गोदावरीबाईंच्या पुस्तकात आहे. ऑक्टोबर १९४५ मधील तलवाड्याच्या गोळीबारानंतर जे मूल वाढले त्याचा दिवस कसा गेला, या प्रश्नाकडे नेणारी वाट अनुताईंच्या पुस्तकातून जाते. एक संहिता दुसरीची उणीव दाखविते, तशीच तिची पूर्तीही करते.

४

टेकडीच्या उंचीला उतार देणारे काही शब्द बोर्डी-कोसबाडच्या व्यवहारातच निर्माण झाले. ते म्हणजे 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा'. या शब्दांची घडण तपासण्यासारखी आहे.

बालवाडी काढली, पण मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळीत होते, कोणी गुरांमागे जात होते; आईबाप पहाटेच कामावर गेलेले. शिक्षणव्यवस्थेची रूढ भाषा या स्थितीला 'गैरहजेरी' म्हणते. गैरहजर हा शब्द शाळेच्या खोलीतून उच्चारलेला असतो. त्यात शाळा स्थिर आणि दोष मुलाचा असतो. कोसबाडच्या शिक्षिकांनी वाक्यातील कर्ता बदलला. मूल शाळेत आले नाही, याऐवजी शाळा मुलाकडे गेली नाही, असे म्हटल्यावर पाड्यातील अंगण वर्ग झाले आणि गुरे चरण्याचे कुरण शाळा झाले. मूल सांभाळणारी मुलगी भावंडासह शिकू शकेल म्हणून पाळणाघर आले.

'अंगणवाडी' या समासात अंगण पूर्वपदी आहे. मराठी अनुभवविश्वात अंगण ही घर आणि रस्ता यांच्यामधली जागा. तेथे सडासारवण होते, धान्य वाळते, मुले खेळतात, पाहुणा टेकतो; ती ना पूर्ण खाजगी ना पूर्ण सार्वजनिक. या जागेची मालकी शाळेकडे नसते. जो शिक्षक दुसऱ्याच्या अंगणात शिकवितो तो तेथे पाहुणा असतो आणि पाहुण्याला यजमानाच्या वेळा, रीती व शब्द पाळावे लागतात. म्हणजे 'अंगणवाडी' हा शब्द शिक्षक आणि समाज यांच्यातील सत्तासंबंध उलटा करतो. 'कुरणशाळा' याहून धीट आहे. गुराखीपण हे शाळेच्या आड येणारे संकट मानले जाते. येथे तेच शाळेचे विशेषण बनले. श्रम आणि शिक्षण यांतील विरोध एका समासात विरघळविण्याचा हा प्रयत्न होय. हे शब्द कवितेतून आले असते तर त्यांच्यावर पानेच्या पाने लिहिली गेली असती. ते कामातून आले म्हणून परिभाषेत जमा झाले.

हीच प्रक्रिया साधनांच्या बाबतीतही घडली. मॉन्टेसरी पद्धतीची साधने मोजूनमापून घडविलेली, महाग आणि शहरी असत. बोर्डी-कोसबाडला त्यांची जागा शंखशिंपले, बिया, पाने, बांबू आणि माती यांनी घेतली. याकडे काटकसर म्हणून पाहणे अपुरे ठरेल. मोजणे शिकविताना वारली मुलाच्या परिसरातील वस्तू वापरणे म्हणजे त्याच्या जगाला चिन्हव्यवस्थेत प्रवेश देणे. पाश्चात्त्य सिद्धान्ताचे देशीकरण हा १९८० नंतर मराठी समीक्षेतील मोठा वादविषय झाला. त्याचे एक शांत प्रात्यक्षिक येथे त्यापूर्वी तीन दशके चालले होते आणि समीक्षेने त्याची दखल घेतली नाही, ही वस्तुस्थिती विचारात टाकणारी आहे.

५

तरीही कोसबाडच्या कार्यात सत्तेचा अंश नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. या कार्याच्या हकिकतींत मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे यांना आरंभीचे स्थान आहे. हे प्रसंग दोन प्रकारे वाचता येतात.

पहिल्या वाचनात उच्चवर्णीय शिक्षिका आदिवासी मुलाच्या देहावर स्वच्छतेची आपली कल्पना कोरते. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी शाळा, तुरुंग आणि रुग्णालय यांतील शिस्तीचे जे विश्लेषण केले ते येथे सहज लागू करता येईल: देह स्वच्छ होतो, तसाच तो आज्ञाधारकही होतो. या वाचनात तथ्य आहे. संस्कार या शब्दाचा मराठीतील इतिहास जातिनिरपेक्ष नाही.

दुसऱ्या वाचनात मात्र जातीचीच दुसरी बाजू पुढे येते. ज्या समाजात ब्राह्मण विधवेचे हात सोवळ्यात बांधलेले होते, तिचा स्पर्श नियमांनी जखडलेला होता, त्या समाजातील एक विधवा दुसऱ्याच्या मुलाचे अंग चोळते, शेंबूड पुसते, उवा काढते. येथे बदल मुलाच्या देहात होतो त्याहून अधिक शिक्षिकेच्या देहात होतो. १८४८ मध्ये पुण्यात शिकवू लागलेल्या सतरा वर्षांच्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण फेकले गेल्याची हकिकत प्रसिद्ध आहे; शिक्षिकेचा देह हे सामाजिक संघर्षाचे स्थळ असते, हे तेव्हापासून मराठी समाजाला ठाऊक आहे. कोसबाडला हा संघर्ष बाहेरून आला नाही. तो स्पर्शाच्या रोजच्या कृतीत, आतल्या आत झाला. दोन्ही वाचने एकत्र धरणे अवघड आहे, पण संहितेला न्याय देणारे वाचन तेच. एकट्या पहिल्याने समीक्षा आरोपपत्र होते, एकट्या दुसऱ्याने ती आरती होते.

६

शिक्षणाच्या आत्मकथनाची खरी कसोटी मात्र वेगळीच आहे. शिकविणारी बोलते, शिकणारा कधी बोलतो? फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता ही मातंग समाजातील विद्यार्थिनी १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. त्या निबंधात ती शाळेने दिलेल्या भाषेतच व्यवस्थेला प्रश्न विचारते. शाळा सुरू झाल्यापासून सात वर्षांत विद्यार्थिनी वक्ती झाली. मराठी शिक्षणवाङ्मयाचा हा मानदंड मानला तर नंतरच्या प्रत्येक शाळेच्या आत्मकथनाला विचारावे लागेल की, यातील मूल केवळ वर्णिलेले आहे की बोलते झालेले आहे?

ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांचा दलितांच्या शिक्षणशास्त्रावरील ग्रंथ इंग्रजीत आला तो १९७० मध्ये, म्हणजे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्या वर्षी प्रसिद्ध झाले त्याच वर्षी. शिक्षण म्हणजे रिकाम्या भांड्यात ज्ञान ओतणे नव्हे, हा फ्रेरे यांचा मुद्दा. कोसबाडच्या बाबतीत हा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण भांडे रिकामे नव्हतेच. वारली झोपडीच्या भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. वारली बोलीत चौक काढीत नाहीत, तो 'लिहितात'. तो लिहिण्याचा अधिकार सुवासिनींचा, आणि लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीचा. धवलेरी ही गाणारी, विधी सांगणारी स्त्री. तिच्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे ज्या पाड्यावर शिक्षिका लेखन घेऊन गेली तेथे लेखन होते, आणि ज्या पाड्यावर ती स्त्रीचा अधिकार घेऊन गेली तेथे स्त्रीचा एक अधिकार आधीच नांदत होता. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे १९७० नंतर या भिंतीवरचे लेखन कागदावर आणि जगभर गेले. परंतु ते शाळेच्या वाटेने गेले नाही. पाटी आणि भिंत या दोन लेखनपद्धती शेजारी असून एकमेकींत मिसळल्या नाहीत, हा सरहद्दीच्या शाळेचा सर्वांत गंभीर पेच आहे. शिक्षिकेच्या आत्मकथनात पाड्यावरील निवेदन अनुवादित होऊनच येते. तिची प्रामाणिकता कितीही निर्विवाद असली तरी बोलीकडून प्रमाणभाषेकडे येताना वारली मूल पात्र बनते, निवेदक बनत नाही.

येथेच अंगणाची प्रतिमा पुन्हा उपयोगी पडते. अंगणापर्यंत आलेली शिक्षिका भिंतीपासून काही हातांवर उभी असते. तिला भिंत दिसते. ती वाचायची कशी, हा प्रश्न तिने सोडविला नाही. पण तो तिच्यासमोर उभा राहील इतके जवळ ती गेली. टेकडीवरून तो प्रश्न दिसलाही नसता.

७

'अंगणवाडी' या शब्दाचे पुढे जे झाले त्यात या संहितांचे आजचे मोल आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले आणि तेथे काम करणारी स्त्री 'अंगणवाडी सेविका' झाली. शब्द गावोगाव पोहोचला, पण त्याचा अर्थ वाटेत बदलला. कोसबाडचे अंगण म्हणजे शाळेने मुलाकडे जाण्याची क्रिया होती; योजनेतील अंगणवाडी म्हणजे मुलाने यावे अशी खोली. क्रियापदाचे नाम झाले. सेविका हा शब्द शासनाने नव्याने घडविला असे नाही. गांधीयुगातील ग्रामसेविकेचा तो वारसा होता. पण त्या युगात सेवा ही व्यक्तीने स्वतः पत्करलेली भूमिका होती. येथे ती पदनामात आली. त्यागाला पदनाम मिळाले की वेतनाची जागा मानधन घेते.

मानधन हा शब्द याच परंपरेतील आहे. ज्या कामाला मान दिला आहे त्याला मोल विचारणे अशोभनीय, असा त्याचा गर्भित अर्थ. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचारी हे शासकीय पदधारक नाहीत असा निर्णय दिला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात असे मान्य केले. या दोन निर्णयांमधील अंतर म्हणजे सेवा आणि काम या दोन शब्दांमधील अंतर होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयोगट शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतल्यावर सेविका ही शिक्षिका आहे, हे तत्त्वतः पुन्हा मान्य करावे लागले. १९२९ मध्ये नाशिक जिल्ह्यात पगार घेऊन शिकविणाऱ्या तरुण विधवेला जे सहज कळले होते ते व्यवस्थेला कळण्यास इतका काळ लागला, यात समीक्षेचाही वाटा आहे. शिक्षिकेच्या लेखनाला सेवेचा दस्तऐवज ठरविणाऱ्या वाचनाने या भाषेला प्रतिष्ठा दिली.

याच ठिकाणी आणखी एक अनुपस्थिती जाणवते. ताराबाई आणि अनुताई यांची नावे टिकली. पद्मभूषण (१९६२) आणि पद्मश्री (१९८५) यांनी ती राष्ट्रीय झाली. परंतु बोर्डी-कोसबाडला प्रशिक्षण घेऊन पाड्यापाड्यांवर वर्ग घेणाऱ्या तरुण मुली, ज्यांच्या पायांनी शाळा खरोखर अंगणापर्यंत चालत गेली, त्या अनामच राहिल्या. आत्मकथन हा वाङ्मयप्रकार एका नावाची मागणी करतो. अंगणवाडी ही मात्र अनेकींची कृती होती. रत्नाकर मतकरी यांनी ताराबाईंच्या जीवनावर लिहिलेल्या नाटकाचे शीर्षकही 'घर तिघांचं हवं' असे आहे. रंगभूमीने शिक्षिकेला शोधले तेही तिच्या घरात. पतिपत्नी आणि मूल यांच्या ताणातून नाट्य निर्माण होते हे खरे. पण पाड्यावर उन्हात बसलेल्या अठरा-वीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थी मुलीच्या दिवसात नाट्य नसते काय? ते शोधण्यासाठी लागणारा वाङ्मयप्रकार मराठीत अद्याप घडलेला नाही.

कोसबाडचा वारसा शासकीय योजनेत जितका आहे त्याहून अधिक तो समास घडविण्याच्या पद्धतीत आहे. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी 'भोंगाशाळा' चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजुराने तात्पुरती उभारलेली झोपडी. अंगण, कुरण, भोंगा ही एकच वाक्यरचना आहे: शिकणाऱ्याची जागा पूर्वपदी, शाळा उत्तरपदी. दक्षिणेकडे रायगड जिल्ह्यातही हा प्रश्न तितकाच खरा आहे. पनवेल, कर्जत, पेण या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्टी आणि कोळसाभट्टीच्या कामाला बाहेर पडतात. पनवेलला २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, शेजारी नवे शहर उभे राहिले. तरी हंगामाबरोबर हलणाऱ्या कातकरी मुलाला स्थिर शाळा पुरत नाही. सरहद्द ही राज्याच्या कडेलाच असते असे नाही. महानगराच्या उंबऱ्यावरही ती असू शकते. डहाणूच्या डोंगरात निर्माण झालेला विचार म्हणूनच पनवेलच्या वाडीलाही लागू पडतो.

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शिक्षिकांच्या आत्मकथनांना सामाजिक दस्तऐवजांच्या कप्प्यातून बाहेर काढून भाषिक कृती म्हणून वाचले पाहिजे. त्यांतील शब्दनिर्मिती, शीर्षके, निवेदनाची स्थाने आणि मौने ही आशयद्रव्याइतकीच महत्त्वाची आहेत. दुसरी, हे वाचन 'कोसबाडच्या टेकडीवरून' आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' यांसारख्या संहितांना परस्परांच्या सान्निध्यात ठेवून करावे लागेल. शाळा आणि सभा, मूल आणि बाप, पाटी आणि भिंत यांच्या संबंधांवाचून कोणतीही एक संहिता पूर्ण अर्थ देत नाही. शीर्षकातील टेकडी आणि कार्यातील अंगण यांचा ताण हा अनुताईंच्या पुस्तकातील दोष नव्हे. तोच त्याचा जिवंत भाग आहे. अंगणवाडीत आज शिकविणाऱ्या स्त्रीला सेविका म्हणावे की शिक्षिका, हा प्रश्न त्या ताणातूनच आला आहे, आणि त्याचे उत्तर देताना वाङ्मयाचा अभ्यासक तटस्थ राहू शकत नाही.